ऑपरेशन वेळेत झालं, जेवण राहून गेलं: खुब्याच्या फ्रॅक्चरचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. हाडांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना जे पुन्हा पुन्हा समोर येतं, ते एका रुग्णाभोवती गुंफून लिहिलं आहे. रुग्णाचे आकडे त्यामुळे प्रातिनिधिक समजावेत. अभ्यासांचे आणि मार्गदर्शक तत्त्वांचे आकडे मात्र प्रसिद्ध झाले तसेच आहेत.

रुग्ण ८१ वर्षांच्या आजी. उंची १५० सेंटिमीटर, वजन ४२ किलो. जुना मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन; रक्तदाबाची एक गोळी; मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं, ते मोजणारा ईजीएफआर ४८. पहाटे तीनच्या सुमारास बाथरूमला जाताना पडल्या. उठता येईना. सकाळी साडेसहाला मुलीने पाहिलं आणि नऊच्या आत रुग्णालयात आणलं. एक्स-रेमध्ये उजव्या खुब्यापाशी मांडीचं हाड मोडलेलं, इंटरट्रोकॅन्टरिक प्रकारचं फ्रॅक्चर. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला हाडात नेल, म्हणजे धातूची सळई, बसवली. दाखल झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत साडेएकतीस तास.

या वयात खुबा मोडला की ऑपरेशन ३६ ते ४८ तासांच्या आत व्हावं असं सगळीकडेच सांगतात, आणि त्याला कारणही तसंच आहे. वृद्धांमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात. उशीर झाला की न्यूमोनिया, बेडसोअर, गोंधळलेली मनःस्थिती यांची शक्यता वाढत जाते. त्या हिशेबाने आजींची फाइल चांगली दिसत होती. वेळ पाळलेली, भूल कमरेतून दिलेली, रक्तस्राव बेताचा, नेल जागेवर.

फाइलमध्ये नसलेले तास

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. निरोप होता, 'अल्ब्युमिन २.६ आहे, हाय प्रोटीन डाएट लावा.' अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन; त्याकडे नंतर येते. आधी मी मुलीला विचारलं, आईने शेवटचं पोटभर कधी खाल्लं? तिने जरा आठवून सांगितलं, पडण्याच्या आदल्या रात्री आठ वाजता, आणि तेही पोटभर म्हणावं असं नाही.

तिथून पुढचा हिशेब मांडला. सकाळी नऊला दाखल होताच 'ऑपरेशन कधीही लागेल' म्हणून उपाशी ठेवलं. दुपारी ठरलं की हृदयाची इको तपासणी हवी. ती झाली चार वाजता. त्या दिवशी ऑपरेशन होणार नाही हे साडेचारलाच स्पष्ट झालं होतं, पण तोंडाने सुरू करा हा निरोप वॉर्डात पोचायला सात वाजले. तोवर जेवणाची गाडी येऊन गेली होती. आजींनी अर्धी वाटी सूप घेतलं. रात्री बारापासून पुन्हा उपास, कारण सकाळी अकराची वेळ ठरली होती. मध्येच अपघाताचा रुग्ण आला आणि अकराचे साडेचार झाले. ऑपरेशननंतर रात्री साडेनऊला पहिला घोट पाणी. जवळजवळ पन्नास तासांत अर्धी वाटी सूप.

'पण सलाइन चालू होतं ना?' मुलगी म्हणाली. हा प्रश्न बहुतेक नातेवाईक विचारतात, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. नॉर्मल सलाइनमध्ये कॅलरी शून्य असतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अख्ख्या लिटरमध्ये साखर ५० ग्रॅम, म्हणजे फार तर दोनशे कॅलरी, प्रथिनं नाहीत. सलाइन पाणी आणि क्षार देतं, अन्न देत नाही.

भूल देण्याआधी पोट रिकामं हवं याबद्दल वाद नाही. पण किती वेळ, याचे नियम कधीच बदलले आहेत. हलक्या घन आहारासाठी सहा तास आणि पाणी किंवा गाळलेल्या पातळ पेयासाठी दोन तास पुरतात. रात्री बारापासून सगळं बंद ही सवय आहे, नियम नव्हे. अकराच्या ऑपरेशनला पहाटे पाचपर्यंत थोडं खाणं आणि नऊपर्यंत पाणी चाललं असतं. वेळ पुढे गेली तेव्हा भूलतज्ज्ञांना एक फोन केला असता तर एकपर्यंत तरी पाणी देता आलं असतं. पण यादी सरकली हे वॉर्डाला सांगणं नेमकं कुणाचं काम, हे ठरलेलंच नव्हतं. शस्त्रक्रियेची वेळ मोजली जाते, उपाशी तास कुणी मोजत नाही. जे मोजलं जात नाही ते सुधारायचं कसं?

त्याआधीचं वर्ष

एवढ्यावर थांबलं असतं तर दोन दिवसांची उपासमार म्हणून सोडून देता आलं असतं. पण आजींचं वजन वर्षापूर्वी ४८ किलो होतं, मधुमेहाच्या जुन्या कागदावर लिहिलेलं. म्हणजे वर्षभरात सहा किलो, साडेबारा टक्के घट. बीएमआय १८.७. वृद्धांसाठीच्या एमएनए या छोट्या प्रश्नावलीत १४ पैकी ३ गुण. ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, कुपोषण ठरवण्याच्या ग्लिम या आंतरराष्ट्रीय निकषांनुसारही निदान तेच, कारण वजनातली घट, कमी बीएमआय आणि कमी झालेलं खाणं हे तिन्ही हजर. पोटरीचा घेर पायाच्या सुजेमुळे डाव्या, न मोडलेल्या पायावर मोजला. २८ सेंटिमीटर, ३१ च्या खाली असला की स्नायू कमी झाल्याचा संशय घ्यायचा.

वजन का घटलं? मुलगी म्हणाली, 'आईला आताशा भूकच नसते.' जरा खोदून विचारल्यावर चार कारणं निघाली. खालची कवळी सैल झाली होती, चावताना हलायची. मेटफॉर्मिनचा डोस आठ महिन्यांपूर्वी वाढवला होता आणि तेव्हापासून पोटात मळमळायचं. आजोबा गेल्यावर एकटीसाठी रांधायचा उत्साह राहिला नव्हता. आणि शुगरच्या धाकाने त्यांनी एकेक पदार्थ स्वतःच बंद करत आणला होता. आजी घसरून पडल्या असं फाइलमध्ये लिहिलं आहे, पण पाय सावरायला लागणारी ताकद वर्षभर घटतच होती.

यातला मेटफॉर्मिनचा धागा दुहेरी आहे. भूक कमी होते, शिवाय दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. आजींचं बी-१२ कमीच निघालं. पायाच्या संवेदना आणि तोल यांचा बी-१२शी संबंध आहे. पडण्याचं कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही, पण इंजेक्शन सुरू करायला तेवढं पुरेसं होतं.

अल्ब्युमिनचा घोळ

आता त्या २.६ कडे. राउंडला शिरेतून अल्ब्युमिनची बाटली लावण्याचाही विचार झाला होता. अल्ब्युमिन कमी म्हणजे प्रथिनं कमी खाल्ली, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि ते चुकीचं आहे. अल्ब्युमिन यकृतात तयार होतं. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचं. दोन दिवसांच्या उपासाने ते इतकं घसरणार नाही. हाड मोडलं, ऑपरेशन झालं की शरीरात दाह उसळतो. यकृत सीआरपीसारखी, दाहात वाढणारी प्रथिनं बनवायच्या मागे लागतं, अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, आणि वरून दिलेल्या सलाइनने उरलेलं पातळ होतं. आजींचा सीआरपी त्या दिवशी १४० होता, म्हणजे खूपच वाढलेला. कमी अल्ब्युमिन असलेल्या रुग्णाला धोका जास्त असतो हे खरं, पण त्यावरून कुपोषणाचं निदान करू नये, आणि आहाराचा परिणाम पाहायला तर ते मुळीच वापरू नये. बाटलीतलं अल्ब्युमिन हा आहार नाही. सर्जनना हे पटलं, बाटली लागली नाही.

वजन, पोटरी आणि रोज प्रत्यक्ष पोटात काय गेलं, या तीन गोष्टी मला पुरतात.

ताटाचं काय होतं

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या वेळी वॉर्डातच थांबले. ताट आलं ते पलंगाच्या पायथ्याशी, सरकत्या टेबलावर. आजी जवळजवळ आडव्या, पाठ जेमतेम उचललेली. त्यांचा हात ताटापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. चष्मा घरी राहिला होता. कवळी डबीत, डबी टेबलाच्या खणात, ऑपरेशनच्या वेळी काढली ती तशीच. पूरक आहाराचा एक डबाही ताटात होता; त्यावरचं चंदेरी झाकण सोलायला बोटांत जोर लागतो, तो आजींकडे नव्हता. मुलगी औषधं आणायला खाली गेलेली. पंचवीस मिनिटांनी मावशींनी ताट उचललं. चार्टवर सिस्टरने लिहिलं, 'आहार दिला.' खोटं काहीच नव्हतं त्यात.

ताटात उरलेलं वजन करून पाहिलं. त्या पूर्ण दिवसात आजींच्या पोटात गेल्या साधारण ४८० कॅलरी आणि १४ ग्रॅम प्रथिनं.

गरज किती होती? वृद्ध रुग्णांसाठी युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं किलोमागे ३० कॅलरी धरतात. प्रथिनं निरोगी वृद्धाला किलोमागे किमान १ ग्रॅम, आजारपणात १.२ ते १.५, आणि गंभीर दुखापतीत किंवा कुपोषणात त्याहूनही जास्त. ४२ किलोला म्हणजे १२६० कॅलरी आणि ५० ते ६३ ग्रॅम प्रथिनं. मी १३०० आणि ६० असं उद्दिष्ट ठेवलं. आजी एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त कॅलरींवर आणि एक चतुर्थांशाहूनही कमी प्रथिनांवर होत्या. निरोगी वृद्धांना नुसतं दहा दिवस अंथरुणावर ठेवल्यावर पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेल्याचं २००७ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. आजी निरोगी नव्हत्या, आणि त्यांच्याकडे घालवायला एक किलो नव्हतंच.

ताटावर चिठ्ठी होती: डायबेटिक, लो सॉल्ट, रीनल. फाइलमध्ये जेवढे आजार तेवढी पथ्यं, एकावर एक. साखर वगळली, मीठ वगळलं, आणि ईजीएफआर ४८ म्हणून प्रथिनंही कमी केली. उरलं ते बेचव आणि तुटपुंजं. मजा म्हणजे आजींचं सोडियम त्या दिवशी १३१, म्हणजे कमीच होतं, तरी लो सॉल्ट चालूच. वृद्धांमध्ये खाणं कमी करणारी पथ्यं शक्यतो टाळावीत असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, मूत्रपिंडाच्या आजारात अशक्त वृद्धांना प्रथिनं वाढवून द्यायलाही वाव आहे. ईजीएफआर ४८ असलेल्या कुपोषित, नुकतंच ऑपरेशन झालेल्या आजींची प्रथिनं तोडणं हे माझ्या मते सरळसरळ अपायकारक होतं. फिजिशियनशी बोलून तिन्ही चिठ्ठ्या काढल्या. शुगर इन्सुलिनने सांभाळायची, १४० ते १८० च्या दरम्यान असली की बास. मेटफॉर्मिन बंद.

काय केलं

आधी फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासलं. फॉस्फेट २.१, म्हणजे कमी निघालं. बरेच दिवस कमी खाणाऱ्या माणसाला एकदम भरपूर दिलं की इन्सुलिन वाढतं, हे क्षार पेशींत ओढले जातात आणि रक्तातली पातळी धोकादायकरीत्या कोसळू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी, फॉस्फेट भरून काढत आहार निम्म्यावरून सुरू, आणि चार दिवसांत पूर्ण. घाई केली नाही ती एवढ्याच ठिकाणी.

त्याच रात्री आजी गोंधळल्या. सलाइन उपटलं, मुलीला ओळखेनात. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे वारंवार होतं, आणि झोपेचं औषध देऊन मोकळं होण्यापेक्षा कारणं शोधलेली बरी. सापडलं ते साधंच होतं: पाणी कमी, दाखल झाल्यापासून शौच नाही, दुखणं, चष्मा नाही. खुब्याच्या नसेला ब्लॉक, म्हणजे ती बधिर करणारं इंजेक्शन, दिल्यावर दुखणं उतरलं आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी करता आली. त्या औषधांनी मळमळ आणि बद्धकोष्ठता दोन्ही वाढतात. चष्मा आणला. गुंगीत पाणी पिताना एकदा ठसका लागला, म्हणून गिळण्याची तपासणी करून दोन दिवस पातळ पेयं थोडी घट्ट करून दिली.

आहारातला मुख्य बदल असा. पूरक पेय जेवणाच्या ताटातून काढून गोळ्यांच्या ट्रेमध्ये टाकलं. दिवसातून चार वेळा सिस्टर गोळ्या द्यायला येतील तेव्हा ६० मिलिलिटर, समोर उभं राहून, आणि औषधाच्या कागदावर सही. मिलिलिटरला दोन कॅलरी असलेलं घट्ट पेय घेतलं, म्हणजे २४० मिलिलिटरमध्ये ४८० कॅलरी आणि त्या विशिष्ट पेयात २४ ग्रॅम प्रथिनं. डबाभर पेय समोर ठेवलं तर आजी दोन घोट घेऊन ठेवून द्यायच्या. छोटा कप औषध म्हणून एका दमात संपायचा. पूरक पेयातून दिवसाला किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी शिफारस आहे. उरलेली प्रथिनं दुधात पावडर मिसळून भागवली.

सकाळी आजी सर्वांत ताज्या असायच्या, संध्याकाळी गळून जायच्या. म्हणून मोठं जेवण सकाळी, रात्री मऊ आणि थोडं. उतारवयात स्नायूंना प्रथिनांचा छोटा डोस पुरत नाही, एका जेवणात २५ ते ३० ग्रॅम लागतात असं मानतात. आजींच्या बाबतीत तेवढं फक्त न्याहारीलाच जमलं, आणि त्यावर समाधान मानलं. फिजिओ नेमके सव्वाआठला, न्याहारीच्या वेळी यायचे. त्यांना विनंती करून साडेनऊ केले. खाण्याआधी आजींना खुर्चीत बसवायचं कामही त्यांनीच लावून घेतलं.

आणि माणूस. जेवणाच्या तिन्ही वेळांना कुणीतरी शेजारी बसायचं, दुपारी मुलगी, बाकी दोन वेळा वॉर्डातल्या एक मावशी. कवळी लावायची, झाकण सोलायचं, 'आजी, अजून एक घास' म्हणायचं. ताट उचलताना किती संपलं ते पाव, अर्धं, पाऊण असं लिहायचं.

हे बिनमहत्त्वाचं वाटेल, म्हणून कार्डिफमधल्या एका चाचणीबद्दल सांगते. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. खुबा मोडलेल्या ३०२ वृद्ध स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीची शुश्रूषा, दुसऱ्याला त्यावर आहार सहायक, म्हणजे खाऊ घालणं, आवडनिवड पाहणं, पेय हातात देणं एवढ्यासाठीच नेमलेली माणसं. सहायक असलेल्या गटात दिवसाला सरासरी ११०५ कॅलरी पोटात गेल्या, दुसऱ्यात ७५६. ट्रॉमा वॉर्डातले मृत्यू ४.१ टक्के विरुद्ध १०.१ टक्के, चार महिन्यांनी १३.१ विरुद्ध २२.९. फरक साडेतीनशे कॅलरींचा, आणि तो भरून काढणारं यंत्र नव्हतं की औषध. पण ही एकाच रुग्णालयातली चाचणी आहे हे विसरू नये. २०१६ साली कॉक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ४१ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा पूरक पेयांनी गुंतागुंती कमी होत असाव्यात असा कमकुवत पुरावा मिळाला, मृत्यूंवर स्पष्ट परिणाम दिसला नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की डबा दिला आणि डबा पाजला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक चाचण्यांनी डबा दिला.

पुढचे दिवस

चौथ्या दिवशी ८९० कॅलरी. पाचव्या दिवशी पुन्हा ६०० वर आलं. हिमोग्लोबिन ८.४ म्हणून लोहाची गोळी सुरू झाली होती, त्यात आधीची बद्धकोष्ठता, पोट फुगलेलं. गोळी थांबवली, रेचक वाढवलं, लोह नंतर शिरेतून दिलं. सहाव्या दिवशी पोट साफ झालं आणि त्या दुपारी आजींनी पहिल्यांदा स्वतःहून मागून खाल्लं. आठव्या दिवशी १२४० कॅलरी, ५६ ग्रॅम प्रथिनं. माकडहाडापाशी लाली आली होती, जखम झाली नाही. टाक्यांतून पाचव्या दिवशी थोडं पाणी आलं, दोन ड्रेसिंगमध्ये थांबलं. हे सगळं खाण्यामुळे झालं असा दावा मी करणार नाही. नसेला ब्लॉक दिला, खुर्चीत बसल्या, गोंधळ ओसरला, यातलं काय कशामुळे हे वेगळं काढता येत नाही. दहाव्या दिवशी वॉकरवर घरी गेल्या.

घरी जाताना कागदावर तीन ओळी लिहिल्या: पूरक पेय किमान एक महिना, वजन दर रविवारी त्याच काट्यावर, आणि कवळी नवी. ड जीवनसत्त्व ११ होतं, ते आधी भरून काढलं, कारण पुढे हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक आम्लाचं इंजेक्शन द्यायचं होतं आणि ड कमी असताना ते दिलं तर कॅल्शियम घसरतं. २००७ सालच्या मोठ्या चाचणीत खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ९० दिवसांच्या आत सुरू केलेल्या या वार्षिक इंजेक्शनाने नवी फ्रॅक्चरं ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी घटले होते. हाड जोडलं म्हणून रुग्णाला सोडून देणारे बरेच असतात; हाड मुळात ठिसूळ का झालं याकडे कुणी पाहत नाही. आजींना सहाव्या आठवड्यात इंजेक्शन मिळालं.

सहा आठवड्यांनी वजन ४१.२. थोडं घटलेलंच, पण सूजही उतरली होती. बारा आठवड्यांनी ४३. घरात काठीवर चालतात, जिना अजून नाही. अल्ब्युमिन ३.७, बाटलीशिवाय. मात्र त्याच भेटीत मुलीने सांगितलं की पूरक पेय पाचव्या आठवड्यातच बंद झालं, 'आई आता नीट जेवते' म्हणून. खाण्याची नोंद मागवली तर प्रथिनं ४४ ग्रॅम निघाली. रात्रीचं जेवण पुन्हा नावालाच होतं आणि कवळीचं माप अजून दिलेलं नव्हतं. पेय एका वेळेला पुन्हा सुरू केलं, सकाळच्या गोळीबरोबर. दंतवैद्याची तारीख तिथेच बसून घेतली.